पुण्यात नवे आहात? घरगुती औषधांचा बटवा असा लावा

लातूरहून पुण्याला आले तेव्हा आजीनं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात आठ-दहा पुरचुंड्या बांधून दिल्या होत्या. एकीवरही नाव नव्हतं. आजीला वासावरून कळायचं. कर्वेनगरच्या फ्लॅटवर पहिल्याच पावसाळ्यात मला सर्दी झाली, नाक पार चोंदलं, आणि सुंठ समजून जी पूड मी चमचाभर पाण्यात उकळली ती वेखंडाची निघाली. नाक बंद, त्यामुळे वास आलाच नाही. पुढचे दोन तास मी बेसिनला धरून उभी होते आणि रूममेट पाठीवर हात फिरवत विचारत होती, "अगं, पण उकळलंस काय?" मला सांगताच येईना.

त्या रात्रीपासून माझा एकच नियम आहे: बटवा लहान ठेवायचा आणि त्यातली प्रत्येक पुडी नावानिशी ओळखता आली पाहिजे. खाली जे लिहिलंय ते नोकरी-शिक्षणासाठी नव्यानं पुण्यात आलेल्यांसाठी आहे. ज्यांच्या घरात आजी आहे त्यांनी आजीलाच विचारावं.

१. खरेदीच्या आधी एक फाइल करा

हे काम कंटाळवाणं आहे, पण तासाभरात होतं. एका प्लास्टिक फोल्डरमध्ये एवढं ठेवा:

- सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, डोसासकट (थायरॉइड, बीपी, शुगर, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, गर्भनिरोधक, सगळं)
- कशाची अ‍ॅलर्जी आहे, आधी कोणती ऑपरेशनं झाली
- गेल्या वर्षभरातले रक्ताचे रिपोर्ट
- रक्तगट, आधारची झेरॉक्स, घरच्यांचा फोन नंबर

फाइल कशाला? "काढाच तर आहे, त्यानं काय होतंय" हे वाक्य खरं नाही म्हणून. मेथीदाणे रोज भिजवून खाल्ले आणि सोबत शुगरची गोळी चालू असली तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असताना हळदीच्या किंवा लसणाच्या कॅप्सूल परस्पर सुरू करायच्या नाहीत. भाजीतली हळद आणि फोडणीतला लसूण यांची गोष्ट वेगळी. प्रमाण बदललं की वस्तूचा स्वभाव बदलतो.

२. बटव्यात काय घालायचं

माझ्याकडे सध्या सात वस्तू आहेत. पहिल्या वर्षी तेवीस होत्या. त्यातल्या अर्ध्यांना बुरशी आली.

सुंठ, ओवा, हळद, मिरे, इसबगोल, त्रिफळा आणि तिळाचं तेल. तुळस कुंडीत.

सुंठ आणि मिरे सर्दीच्या काढ्याला. ओवा पोट फुगल्यावर: पाव चमचा, चिमूट काळं मीठ, नीट चावून वर कोमट पाणी. इसबगोल बद्धकोष्ठाला, पण एक-दोन चमचे भरपूर पाण्यात टाकून लगेच प्यायचा. वाटीभर पाण्यात भिजवून तो गोळा गिळू नका, घशात अडकतो. दुसरी औषधं घ्यायची असतील तर मध्ये दोन तास जाऊ द्या. त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळा. झोपताना अर्धा चमचा कोमट पाण्याबरोबर पुरतो, जुलाब झाले तर प्रमाण निम्मं करा. गरोदर असाल तर त्रिफळ्याला वैद्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

तिळाचं तेल माझं सगळ्यात आवडतं. पुण्याचा हिवाळा कोरडा असतो, डिसेंबरात पायाच्या टाचा फुटतात आणि नडगीवर पांढऱ्या रेघा उठतात. रविवारी सकाळी वाटीत तेल घ्यायचं, ती वाटी गरम पाण्यात ठेवायची, दहा मिनिटं चोळायचं आणि अर्ध्या तासानं आंघोळ. एकच सूचना: तेलकट पायांनी बाथरूमच्या फरशीवर उभं राहू नका. खाली पायपुसणं टाका. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंचं मनगट असंच मोडलं.

ज्येष्ठमध या यादीत का नाही, ते सांगते. एका दिवाळीत आई पुण्याला आली, तिला कोरडा खोकला होता. मी दोन वेळा ज्येष्ठमधाचा काढा सुरू केला. खोकला गेला, आईला चव आवडली, म्हणून तो तीन आठवडे चालू राहिला. मग तिचं डोकं जड व्हायला लागलं, बीपी मोजलं तर १६०च्या वर. गोळ्या ती नेमानं घेत होती. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "नवीन काय सुरू केलंय?" ज्येष्ठमधातल्या गोड द्रव्यानं, ग्लिसिरायझिननं, शरीरात मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम कमी होतं आणि रक्तदाब चढतो. दोन-चार दिवस कांडी चघळणं निराळं, आठवडेच्या आठवडे काढा पिणं निराळं. बीपीच्या माणसानं तर ते करूच नये. आईनं मला अजून माफ केलेलं नाही. काढ्याबद्दल नाही, तो बंद केल्याबद्दल.

गुळवेलही नाही. करोनानंतर कडुनिंबावर चढलेली कुठलीही वेल दिसली की लोक तोडून उकळायला लागले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असू शकते, असं त्यांचं म्हणणं होतं. वाद काहीही असो, तुमच्या-माझ्यासाठी दोन्हींचा अर्थ एकच निघतो: सोसायटीच्या कुंपणावरची वेल तोडून काढा करू नका.

३. घ्यायचं कुठून

रविवार पेठेत आणि मंडईच्या आसपास काष्ठौषधींची दुकानं आहेत. पहिल्यांदा जाल तेव्हा गोंधळ होतो. छतापर्यंत डबे, पोत्यांची तोंडं उघडी, वेखंड-कापूर-शिकेकाईचा मिळून एक वास. काउंटरवरचा माणूस तुमच्याकडे न बघताच विचारतो, "आख्खं, भरड की पूड?"

उत्तर द्या: आख्खं. सुंठ आख्खी घ्या, हळकुंडं आख्खी घ्या, मिरे तर आख्खेच असतात. पुडीत काय मिसळलंय ते डोळ्यांना कळत नाही. हळदीला पिवळा रंग चढवायला शिशाचा क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं सापडलेली आहेत, आणि शिसं शरीरात साठत जातं. हळकुंड फोडून मिक्सरला फिरवलं की प्रश्न मिटतो. (मिक्सरचं भांडं कायमचं पिवळं होतं, ते गृहीत धरा.) सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, "सांगलीची आहे का" असं विचारून बघा, निदान गिऱ्हाईक अगदीच अडाणी नाही एवढं दुकानदाराला कळतं.

पन्नास ग्रॅमपेक्षा जास्त काही घेऊ नका. दुकानात उभं असतानाच प्रत्येक पुडीवर पेननं नाव आणि तारीख लिहा. घरी गेल्यावर लिहू म्हणाल तर वेखंडाची कथा वर वाचलीच आहे. सहाण हवी असेल तर तुळशीबागेत बघा, आणि काचेच्या छोट्या बरण्याही तिथेच घ्या.

पाकीटबंद औषध घेताना मागची बाजू वाचा. आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख हवी. तेच जर खाद्यपदार्थ म्हणून विकत असतील तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक असतो. दोन्हीपैकी काहीच नसेल तर पाकीट परत ठेवा.

इथले सापळे:

- "मधुमेह मुळापासून बरा" अशी पाटी किंवा जाहिरात. मधुमेहासारखे आजार बरे करण्याच्या जाहिराती करायला १९५४च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्यानं बंदी आहे. म्हणजे असा दावा करणारा पहिल्या वाक्यातच कायदा मोडतोय.
- सांधेदुखीच्या बिनलेबलच्या काळ्या गोळ्या. दोन दिवसांत जादूसारखा उतार पडला तर खूश होऊ नका, घाबरा. अशा गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.
- भस्मं. धातूंचं काम आहे, ती कुणाच्या सांगण्यावरून किंवा ऑनलाइन मागवून घ्यायची नाहीत. वैद्यांनी लिहून दिली तरच, तेवढेच दिवस.

४. सर्दी-खोकल्याचे पहिले दोन दिवस

पुण्यात आलेला प्रत्येक माणूस पहिल्या वर्षी दोनदा तरी शिंकतोच: एकदा जुलैत, एकदा दिवाळीनंतर थंडी पडते तेव्हा.

*गुळण्या.* ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा. यासारखा स्वस्त आणि गुणी उपाय मला दुसरा माहीत नाही. लोक नेमका हाच टाळतात, कारण त्यात "औषध" घेतल्यासारखं वाटत नाही.

*काढा.* दोन कप पाणी, सुंठेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा ठेचून, चार मिरे, पाच-सहा तुळशीची पानं. झाकण न ठेवता मंद आचेवर एक कप उरेपर्यंत उकळायचं. गूळ शेवटी. मध घालायचा असेल तर काढा कोमट झाल्यावर घाला, उकळत्या काढ्यात घालू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवू नका, कितीही आत्या-मावश्या म्हणाल्या तरी. त्यातल्या जंतूंच्या बीजांमुळे बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. मोठ्यांना काढा दिवसातून एक-दोन कप बास. तिसऱ्या दिवशी छातीत जळजळ झाली तर समजा मिरे जास्त झाले.

*वाफ.* इथे सगळ्यात जास्त अपघात होतात. पातेलं मांडीवर किंवा गादीवर घेऊन बसायचं नाही. पातेलं खाली जमिनीवर, भिंतीला टेकवून, आपण पाटावर, डोक्यावर टॉवेल, डोळे मिटलेले, पाच मिनिटं. पाणी उकळून गॅस बंद केल्यावर दोन मिनिटं थांबा, मगच वाकायचं. घरात रांगतं मूल असेल तर वाफेचा कार्यक्रम ते झोपल्यावर. कापूर किंवा कापराचं मलम लहान मुलांच्या नाकाजवळ नको. कापूर पोटात गेला तर मुलाला फिट येऊ शकते.

*हळदीचं दूध.* घ्या, छान वाटतं, झोप लागते. चिमूटभर मिरपूड घातली तर हळदीतलं कर्क्युमिन शरीरात जास्त शोषलं जातं. बाकी त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको.

५. नेती करणार असाल तर पाणी आधी बघा

योगाच्या वर्गाला जायला लागलात की आठवड्याभरात कुणीतरी जलनेतीचं पात्र हातात देईल. नाक मोकळं होतं, यात वाद नाही. पण नळाचं पाणी थेट नाकात घालायचं नाही. प्यायलेलं पाणी निदान पोटातल्या आम्लातून जातं, नाकात तशी सोय नाही. पाणी खळखळून निदान एक मिनिट उकळू द्या, झाकून कोमट करा, अर्ध्या लिटरला पाऊण चमचा मीठ. मीठ कमी पडलं की नाकात झोंबतं. वापरल्यावर पात्र उकळत्या पाण्यानं धुऊन पालथं घालून सुकवा.

पिण्याच्या पाण्याचंही तेच. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात, किरकटवाडी-नांदेड-धायरीकडे, गिलेन बारे सिंड्रोमचे (नसांवर हल्ला होऊन हातापायांतली ताकद जाते तो आजार) रुग्ण वाढले तेव्हा संशय दूषित पाण्यावर होता आणि सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगितलं गेलं. तेव्हा पुन्हा बाहेर काढलेलं मोठं पातेलं मी अजून माळ्यावर ठेवलेलं नाही. टँकरचं पाणी येत असेल तर तुम्हीही ठेवू नका. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलं म्हणून उकळायची गरज नाही, असं समजू नका.

जुलाब लागले तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घोट घोट, दिवसभर. साखर-मीठ अंदाजानं टाकू नका, चमचा वापरा.

६. टेकडी

पुण्यात राहून टेकडी न चढणारी माणसं आहेत. मला त्यांचं काही म्हणणं कळत नाही. जिमचे बारा महिन्यांचे पैसे भरण्याआधी तीन महिने टेकडी करून बघा. पर्वतीच्या १०३ पायऱ्या सुरुवातीला पुरेशा आहेत. पहिल्या दिवशी मी तीनदा थांबले होते. मग तळजाई किंवा हनुमान टेकडी. दम टिकला की वेताळ टेकडी. पायात चपला नकोत, पावसाळ्यानंतर मुरूम सुटा होतो आणि उतरताना पाय सरकतो. अंधारात एकट्यानं जाऊ नका.

टेकडीवरून आल्यावर डोळे चुरचुरत असतील, हाताला खाज सुटत असेल तर लगेच "पुण्याचं प्रदूषण" म्हणू नका. पावसाळ्यानंतर वाटेच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या फुलांचं गाजर गवत माजतं. हे परदेशी गवत भारतात पहिल्यांदा लक्षात आलं तेही पुण्यातच, १९५०च्या दशकात. त्याच्या परागांनी शिंका येतात, अंगाला लागलं तर पुरळ येतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, आल्यावर हातपाय धुवा. त्या पुरळावर हळद-चंदनाचा लेप थापत बसण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मी आधी लेप थापला होता.

७. योग शिकायचा तर माणसाकडून

मोबाइलवर बघून शीर्षासन करू नका, एवढंच खरं तर सांगायचं आहे. पुण्यात शिक्षकांची कमी नाही. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, शिकवायला पुण्यात आले आणि इथलेच झाले. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५ पासून आहे. पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या, दोरखंड यांचा आधार घेऊन आसन करायची त्यांची पद्धत आखडलेल्या कंबरेच्या आयटीवाल्यांना विशेष मानवते. लोणावळ्याचं कैवल्यधाम त्याहून जुनं, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये सुरू केलेलं.

कुठेही जा, पहिल्या दिवशी शिक्षकांनी तुम्हाला पाठदुखी, बीपी, पाळी, ऑपरेशन यांबद्दल विचारलं नाही तर दुसरा वर्ग शोधा.

८. वैद्य आणि निसर्गोपचार

घरगुती उपायांची हद्द संपली की वैद्यांकडे जायचं. रास्ता पेठेत टिळक आयुर्वेद महाविद्यालय (स्थापना १९३३) आणि त्याला जोडलेलं ताराचंद रुग्णालय आहे. खासगी वैद्य निवडताना बीएएमएस ही आयुर्वेदाची पदवी आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक बघा. भिंतीवर लावलेला असतो, नसेल तर विचारा. विचारायला लाजू नका.

चांगला वैद्य भूक, झोप आणि पोट साफ होण्याबद्दल इतकं खोदून विचारतो की तुम्हालाच संकोच वाटेल. फक्त नाडी धरून दोन मिनिटांत सात आजार सांगणाऱ्याकडून उठून या. एका ठिकाणी मला पहिल्याच भेटीत तीन महिन्यांचं पॅकेज आगाऊ भरायला सांगितलं होतं, कशासाठी हे न सांगता. मी चहा पिऊन आले. फाइल न्यायला विसरू नका, आणि चालू असलेली ॲलोपॅथीची गोळी कुणी बंद करायला सांगितली तर ज्यांनी ती लिहून दिली त्यांना फोन केल्याशिवाय बंद करू नका.

निसर्गोपचाराचं पुण्याशी नातं जुनं आहे. स्टेशनजवळ ताडीवाला रस्त्यावरच्या बापू भवनात गांधीजी उपचारासाठी राहत असत. १९८६ पासून तिथे राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. सोलापूर रस्त्यावर तीसेक किलोमीटरवर उरुळी कांचनचा आश्रम गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केला आणि पुढे मणिभाई देसाईंनी वाढवला. राहून उपचार घ्यायचे असतील तर आधी नोंदणी करा आणि तिथल्या डॉक्टरांना सगळे रिपोर्ट दाखवा.

अनुभवाचा एक सल्ला: जाण्याच्या आठवडाभर आधीपासून चहा कमी करत आणा. मी दिवसाला पाच कप चहा पिणारी, निसर्गोपचाराच्या आहारावर एकदम शून्यावर आले. दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकलं की मला वाटलं "विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत". शेजारच्या खोलीतल्या आजी म्हणाल्या, "कसलं विष गं, चहा आठवतोय तुला." त्यांचंच बरोबर होतं.

९. बटवा बाजूला ठेवायची वेळ

ही यादी कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवा:

- दोन दिवसांहून जास्त ताप, किंवा तापासोबत डोळ्यांमागे दुखणं, अंगावर ठिपके, हिरड्यांतून रक्त. पुण्यात पावसाळ्यात डेंग्यू असतो. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून तपासणी लांबवू नका. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनानं घेऊ नका.
- छातीवर दाब, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणं. "पित्त असेल" म्हणून ओवा-सोडा घेत बसायचं नाही. १०८ लावा.
- पायांत मुंग्या येऊन अशक्तपणा वर वर सरकतोय, जिना चढवत नाही. त्याच दिवशी रुग्णालय.
- श्वास लागणं, शौचातून किंवा खोकल्यातून रक्त, डोळे पिवळे होणं.
- सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं काहीही.

१०. दिवाळीची साफसफाई

वर्षातून एकदा, डबे घासायला काढाल तेव्हा, बटवाही रिकामा करा. पूड सहा महिन्यांनी, आख्ख्या वस्तू वर्षानं बदला. बरणी उघडून नाकाशी धरा: सुंठेनं नाकात झणझणलं पाहिजे, ओव्याला उग्र वास हवा. वास गेला असेल तर गुणही गेला. तिळाच्या तेलाला खवट वास येत असेल तर ते दाराच्या बिजागरांना चालतं. बुरशी धरलेलं मात्र कुंडीतही टाकू नका, थेट कचऱ्यात.

आजीच्या पुरचुंड्यांपैकी एक मी अजून ठेवली आहे. सुट्टीत गेले होते तेव्हा तिच्याकडून प्रत्येकीचं नाव विचारून घेतलं. या एकीशी ती अडली. नाकाशी धरून बराच वेळ हुंगत राहिली आणि म्हणाली, "ही मी नाही दिली." तिच्यावर मी "माहीत नाही, उकळू नये" असं लिहून ठेवलंय.